बक्षीस आणि मजुरी

शहरातील उपाहारगृहात जेवण आटोपले म्हणजे बडीशेपेच्या बशीबरोबर बिलाचा कागद पुढे येतो. त्यावर पदार्थांच्या किमती आणि सरकारी कर यांच्या मध्ये ‘सर्व्हिस चार्ज’, म्हणजे सेवा-आकार, अशी एक ओळ पुष्कळदा आढळते. लग्नाच्या खरेदीसाठी अथवा दवाखान्याच्या कामासाठी खेड्यातून आलेली आपली माणसे हाही एक करच असावा असे समजून ती रक्कम निमूटपणे भरतात. वस्तुतः तो कर नव्हे. ती रक्कम मालकाकडे जमा होते. वाढणाऱ्या मुलाच्या हाती तीतले किती पडते, हे गिऱ्हाइकाला कळत नाही.

हिशेब करून पाहा. १,२०० रुपयांच्या जेवणावर शेकडा १० प्रमाणे सेवा-आकार १२० रुपये झाला. मग १,३२० रुपयांवर शेकडा ५ प्रमाणे जी.एस.टी. ६६ रुपये. जेथे १,२६० रुपये द्यावयाचे तेथे १,३८६ रुपये गेले.

४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे ठरवून दिले की, हॉटेलाने हा आकार आपण होऊन बिलात धरू नये, नाव बदलूनही घेऊ नये, आणि तो न देणाऱ्याला सेवा नाकारू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. परंतु २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचे म्हणणे ग्राह्य धरले. त्याविरुद्ध अपिलेही दाखल झाली. खुशीने बक्षीस देण्यास मात्र कोणाचीच मनाई नाही. बिलात अशी ओळ दिसल्यास ती काढावयास सौम्य शब्दांत सांगावे. न ऐकल्यास १९१५ या क्रमांकावर ग्राहकांची तक्रार घेतली जाते.

तथापि ती ओळ काढून घेतली, १२० रुपये खिशात राहिले आणि वाढप्याकडे न पाहता आपण उठलो, तर कायदा पाळला गेला. ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य मात्र संपले नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत उभा असलेला तो मुलगाही कोणाच्या तरी घरचा आधार असतो. आपल्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको. गोव्यातील कित्येक ख्रिस्ती घरांतील मुलगे प्रवासी बोटींवर नोकरीस आहेत. अशा अनेक बोटींवर प्रत्येक प्रवाशाच्या नावे दर दिवसाला ‘ग्रॅच्युइटी’ आपोआप मांडली जाते. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ नोकरी सोडताना मिळणारी रक्कम असा आहे. तेथे त्याचा अर्थ बक्षीस. वाढप्यांच्या आणि खोल्या आवरणाऱ्यांच्या कमाईचा मोठा वाटा त्यातूनच येतो. प्रवासी कमी झाले की गावाकडे येणारे पैसेही कमी होतात.

हे सारे कशामुळे घडते? मजुरीची जागा बक्षिसाने घेतली म्हणून. अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्यात बक्षीस मिळणाऱ्या नोकराला मालकाने द्यावयाचा किमान रोख दर तासाला २ डॉलर १३ सेंट असा १९९१ साली ठरला. २०२५ सालीही तो तेवढाच होता. उरलेली भर गिऱ्हाइकाच्या खुशीवर सोडलेली. ती कमी पडल्यास मालकाने भरून काढावी असे कायदा सांगतो खरा. पण रोजचे पोट असे दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेले असावे काय? ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून बक्षिसाची व सेवा-आकाराची रक्कम मालकाने स्वतःकडे न ठेवता नोकरांतच वाटावी, असा कायदा अमलात आला आहे.

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आठवावा. सकाळपासून राबलेल्यांना त्याने ठरलेला दीनार पुरता दिला. अखेरच्या तासाला आलेल्यांनाही तेवढाच दिला. हे औदार्य त्याने स्वतःच्या पदरच्या पैशाने केले. कोणाची मजुरी कापली नाही, की वाटेने जाणाऱ्याकडून वर्गणी घेतली नाही. गिऱ्हाइकाच्या पैशाने नोकराचा पगार भागविणारा मालक हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात हेच शिकविले की, मजुरी केवळ कराराने ठरत नाही. साधेपणाने राहणाऱ्या मजुराचा निर्वाह तीत झालाच पाहिजे.

मालकांना बोल लावताना आपणही मालक असतो, हे विसरू नये. लग्नमंडपातील वाढपी, बँडवाले, भांडी घासणाऱ्या बाया यांच्याशी आपण ‘नंतर खूश करू’ एवढ्याच बोलीवर व्यवहार करतो. पाहुणे गेले की थकलेल्या हाती काही नोटा ठेवतो आणि वर आपणच उदार म्हणून मिरवतो. मोशेच्या नियमशास्त्राने गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावयास सांगितले आहे. तेव्हा रक्कम आधी बोलून ठरवावी, काम संपताच ती पुरी द्यावी, आणि मग आनंदाने जे द्यावेसे वाटेल ते वर द्यावे. हॉटेलातही शक्य तेव्हा बक्षीस वाढणाऱ्याच्याच हाती द्यावे. हल्ली मोबाइलवरून पैसे भरताना सुटी नाणी जवळ नसतात. म्हणून घरून निघताना दहा-वीसच्या दोन नोटा निराळ्या ठेवाव्यात. त्या देताना त्याच्याकडे पाहून दोन शब्द बोलावे. मजुरी हा त्याचा हक्क आहे. बक्षीस ही आपली कृतज्ञता आहे.