वेचणीचे यंत्र कुठे अडले?



सीतादही झाली की वरोरा, कोरपना, राजुऱ्याकडे घरोघरी एकच घोर लागतो : वेचायला बाया मिळतील का? त्याच सुमारास मूल, सिंदेवाहीत आणि पलीकडे गडचिरोलीत धान कापणीला येते. पुढे माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. कापूस झाडावर लोंबतो, वेचणीचा दर चढतो, आणि पारावर कुणीतरी हमखास म्हणतो, "आता यंत्र येणार आहे." 2023 मध्ये आपले यान चंद्रावर उतरले. वेचणीचे यंत्र अजून आमच्या धुऱ्यावर उतरले नाही.

असे यंत्र बनवता येत नाही म्हणावे तर अमेरिकेत त्याचे पहिले पेटंट 1850 सालचे आहे. पुढे टेक्सासच्या जॉन रस्टला आठवले की आजी सूत कातताना चाती ओली करीत असे. ओल्या चातीला कापूस चटकन चिकटतो. त्यावर बेतलेले यंत्र त्याने 1936 मध्ये मिसिसिपीत चालवून दाखवले. तरी मळेवाले हलले नाहीत, कारण मंदीत हाताने वेचणारे स्वस्त मिळत होते. महायुद्धात मजूर कारखान्यांकडे गेले, मजुरी वाढली, तेव्हा यंत्राला गिऱ्हाईक मिळाले. जवळजवळ सगळा कापूस यंत्राने निघायला 1960 चे दशक संपत आले. तोवर झाड बदलले, पाने गाळणारी फवारणी आली, जिनात कचरा झाडणारी यंत्रे बसली. यंत्र एकटे येत नाही, वरात घेऊन येते.

आमच्याकडे वरातीचाच पत्ता नाही. 1970 मध्ये सुरतेहून पहिला संकरित कापूस आला आणि आमचे झाड फोफावले. फांद्या पसरतात, बोंडे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत फुटत राहतात. बाईचा हात फुटलेले बोंड घेतो, कच्चे ठेवतो, असे तीन-चार वेचे होतात. यंत्राला सगळे एकदम फुटलेले, बुटके, ओळीत उभे झाड लागते.

तसे झाड नाही असेही नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने विदर्भाच्या कोरडवाहू शेतात दाट पेऱ्याचे प्रयोग केले आहेत. तीन फुटांवर तास, अर्ध्या फुटावर झाड. एकरी सुमारे 30 हजार झाडे. पीक लवकर उरकले तर गुलाबी बोंडअळीचा उशिराचा तडाखाही चुकतो. पण एवढे बी संकरित पाकिटातून घेतले तर कोण निभावणार? त्याला सरळ वाण हवे, घरचे बी पुढच्या साली पेरता येईल असे. आणि घरचे बी पेरणाऱ्या शेतकऱ्यात कंपनीला कसली गोडी? सरकारी संस्थांनी सरळ बीटी वाण काढले, 2009 मध्ये ते शेतकऱ्यांपर्यंत आले, आणि त्यात दुसऱ्याचाच जनुक सापडल्याने त्याच वर्षी मागे गेले. दुकानात आजही पाकीट मिळते ते बहुतेक संकरितच. यंत्र अडले आहे ते इथे, बियाण्याच्या पाकिटात.

ज्वारीचेही तेच. बुटकी ज्वारी यंत्राने निघते, पण कडब्यावाचून बैल काय खाणार, हे यंत्रवाल्याने विचारले नाही.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. वेचणाऱ्या बाया आमच्याच घरच्या आहेत. अल्पभूधारकाची बायको आपले शेत वेचून झाले की दुसऱ्याच्या शेतात जाते. त्या पैशात दिवाळी होते. यंत्राने ती मजुरी जाणार. म्हणून यंत्र नको, असे आम्ही म्हणत नाही. कंबर मोडेपर्यंत ओटी बांधून वाकण्यात कसलेही भूषण नाही. पण यंत्र कुणाच्या मालकीचे, आणि सुटलेल्या हातांना काम कुठले, हे यंत्राआधी बोलायला हवे.

2025 च्या अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांचे अभियान जाहीर झाले. पैसा यंत्राच्या अनुदानावर जातो की सरळ वाणाच्या बियाण्यावर, तिकडे आमचे लक्ष आहे. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने यंदाचा वेचणीचा हिशेब आणावा : किती वेचे झाले, कुठल्या वेच्याला किलोमागे काय दिले, आणि शेवटचा वेचा परवडला की सोडून दिला. बायांना सोबत आणा; हिशेब त्यांनाच नीट ठाऊक असतो.