पाचवी चिमणी

‘देव देईल ते मुकाट्याने घ्यावे’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते केवळ आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांतच असते असे नाही. ते सर्वच घरांत असते. या वाक्याशी माझे भांडण आहे आणि माझ्या बाजूचा साक्षीदार एक कुत्रा आहे. वाचकांनी हसू नये.

2016 च्या पावसाळ्यात पप्पांना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या माणसाचा उजवा हात जाणे म्हणजे काय, हे बेळगावकरांना सांगायला नको. मी तेव्हा सातवीत होतो. संध्याकाळी प्रार्थनेला माणसे येत. मनाने सगळी चांगली. कोणी डबा आणी, कोणी औषधासाठी उशीखाली पैसे ठेवून जाई. पण त्याबरोबर प्रत्येकजण त्या दुखण्याचा एकेक अर्थही ठेवून जाई. कोणी म्हणे, ही विश्वासाची परीक्षा आहे. कोणी म्हणे, यात देवाची काही योजना असेल. एका काकांनी तर, हे देवाचे दानच समजून स्वीकारा, असे सांगितले. पप्पांची जीभ जड झाली होती. त्यांनी नुसते तोंड भिंतीकडे वळवले.

त्याच आठवड्यात खंड्या आला. रस्त्यावरचा कुत्रा, मागचा एक पाय अधू, अंगावरून पाणी निथळत असलेला. आईने दोनदा हाकलला. शेजारच्या कन्नड आजींनी ‘होगो, होगो’ म्हणत काठी आपटली. तिसऱ्या दिवशी त्याच आजींनी ‘बारो’ म्हणून त्याच्यापुढे भाकरी टाकली आणि तो दोन्ही भाषांचा झाला. जनावरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून आणली, एवढाच त्याच्या गृहप्रवेशाचा विधी.

तो पप्पांच्या खाटेखाली बसून राही. अर्थ सांगत नसे.

ईयोबाचे पुस्तक मी पुढे स्वतः वाचले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ईयोबाला भेटायला आलेले मित्र प्रथम सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तेवढे त्यांचे बरोबर होते. मग ते बोलू लागले, त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले, आणि शेवटी देवाचा राग ओढवला तो या कारणे सांगणाऱ्यांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. खंड्याने ते सात दिवस सात वर्षे पाळले.

पप्पांनी चेंडू दाबण्याचा व्यायाम टाळला होता. पण डाव्या हाताने उजवा हात उचलून ते खंड्याच्या पाठीवर ठेवत आणि बोटे हलावीत म्हणून जीव काढत. हा व्यायाम त्यांनी एक दिवसही चुकवला नाही. हात लेथवर परत गेला नाही, हे खरेच. आज ते एका दुकानात डाव्या हाताने हिशेब लिहितात आणि उजव्या हाताने वही दाबून धरतात.

जेवणापूर्वी आभार मानताना पप्पा खंड्याचे नाव घेत. पक्षाघाताचे आभार त्यांनी कधीच मानले नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे. जे जे वाट्याला येते ते सगळे दान नसते. दुखणे हे दुखणेच. त्यावर औषध करावे, रडावे, देवाशी भांडावेसुद्धा. पण त्याच दाराने, त्याच पावसात, न मागितलेले काही आत येत असते. आपण दुःखाचा अर्थ लावण्यात इतके गुंततो की ते हाकलून देतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी फुकट, वर घातलेली. तिला किंमतच नाही. आणि येशू सांगतो की देवाला तिचाही विसर पडत नाही. लंगडा खंड्या ही आमच्या घरची पाचवी चिमणी.

विद्यार्थीमित्रांनो, आपल्यापैकी कोणाचे वडील गेले असतील, कोणाची शिक्षणाची वाट अडली असेल. त्याला ‘देवाची इच्छा’ असे सांगायला आपण पुष्कळजण असतो. त्याच्याजवळ गप्प बसायला कोण असते?

2023 च्या डिसेंबरात, नाताळ चार दिवसांवर असताना, खंड्या गेला. पेरूच्या झाडाखाली आम्ही त्याला पुरले. समाचाराला आलेले तेच काका म्हणाले, “एवढं काय मनाला लावून घेता? देवानं दिलं होतं, देवानं नेलं.”

पप्पा म्हणाले, “दिलं होतं, एवढंच मला ठाऊक आहे.”

काका मग काही बोलले नाहीत. बराच वेळ आमच्याबरोबर पायरीवर बसून राहिले.