बिनब्रेकची फटफटी

दिवाळीच्या सुटीत एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आला तो काठी टेकीत. हातखंब्याच्या वळणावर मित्रांशी चुरस लावली, समोरून ट्रक आला आणि पाय कायमचा अधू झाला. चकली मोडता मोडता म्हणाला, "सर, ब्रेक वेळेवर लागला नाही."

मी म्हटले, "अरे, एका शर्यतीतल्या फटफटीला मुळी ब्रेकच नसतो!"

तिचे नाव स्पीडवे. १५ डिसेंबर १९२३ च्या रात्री ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड गावी, दिव्यांच्या उजेडात, शेतकी संस्थेचे चिटणीस जॉनी हॉस्किन्स यांनी फटफट्यांच्या शर्यती लावल्या. म्हणजे खेळ जत्रेतलाच! १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळ हाय बीच येथे तो झाला, तेव्हा लोक लोटले. पण जत्रेतली नवलाई दुसऱ्या जत्रेला शिळी होते. खेळ टिकला तो १९२९ साली इंग्लंडात दक्षिणेच्या व उत्तरेच्या संघांच्या दोन लीग सुरू झाल्या म्हणून.

पुढे रुळलेली रीत अशी: दोन संघांचे दोन-दोन स्वार आणि चार फेऱ्या. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. तुम्ही पहिले आलात आणि जोडीदार शेवटी राहिला, तर हिशेब ३ विरुद्ध ३, जिंकूनही बरोबरीच! तेव्हा जोडीदाराला सांभाळून न्यावे लागे. बघे होते, ते आपापल्या गावच्या संघाचे झाले.

आणि ब्रेक नाही तो का? पुढच्याने अवचित थांबून मागच्याचा घात करू नये म्हणून. सारे एकाच दिशेने, डावीकडे वळत जातात. मागचे चाक घसरवून वळण घेतात. समोरून कोणी येत नाही.

"समोरून कोणी येत नाही," तो हळूच पुटपुटला. मग विचारले, "आपल्याकडे आहे असे काही?"

"२८ जानेवारी २०२४ ला पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. खेळ निराळा, मातीच्या उंचवट्यांवरून उड्या घेण्याचा. पण लीगच ती."

"पुण्यात. आणि इथे, सर?"

मी फराळाची बशी पुढे सरकवली.

निरोप द्यायला अंगणात आलो, तर त्याचा धाकटा भाऊ फटफटी सुरू करून उभा. "सावकाश जा रे," मी म्हटले. इतकी वर्षे मुलांना शिकवतो आहे. त्यांच्या वेगाला द्यायला माझ्यापाशी एवढे दोनच शब्द होते.