कळा वाढवणारे औषध न विचारता, कळा सुसह्य करणारे मागूनही नाही

नवापूर-दांडीपासून बोईसर-पालघरपर्यंत घरोघरी बाळंतपणाचे दोनच प्रकार मानले जातात: ‘नॉर्मल’ आणि ‘सिझर’. ही विभागणी दिशाभूल करणारी आहे, कारण ज्याला नॉर्मल म्हटले जाते त्यातही पुष्कळदा सलाईनमधून ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशयाचे आकुंचन वाढवून कळा जोरात आणणारे संप्रेरक, दिले जाते, योनिमार्गाच्या तोंडाशी छेद घेऊन टाके घातले जातात, आणि बाईला याची माहिती झाल्यावर मिळते, तीही मिळाली तर. तेव्हा खरा वाद औषध की निसर्ग असा नसून कोणते औषध, कोणाच्या सोयीने आणि कोणाला विचारून, असा आहे.

वेदना वाढवणारे औषध न विचारता टोचले जाते. वेदना शमवणाऱ्या औषधाचा मात्र उल्लेखही होत नाही. एपिड्युरल, म्हणजे कण्यातील मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळीने औषध सोडून कमरेखालची वेदना कमी करण्याची पद्धत, निरोगी गर्भवतीने मागितल्यास द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितले आहे. एपिड्युरलने रक्तदाब उतरू शकतो, बाळ बाहेर येण्याचा टप्पा लांबू शकतो आणि भूलतज्ज्ञ हजर असावा लागतो, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. पण दात काढताना बधिर करण्याचे इंजेक्शन मागणाऱ्याला कोणी नाजूक ठरवत नाही. बाळंतिणीलाच ‘सोसायचेच असते’ असे का ऐकवले जाते?

निसर्गाचे गोडवे गाणाऱ्यांचाही येथे हिशेब घेतला पाहिजे. ज्या पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून गरोदर बाईला डोलीतून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या पावसाळ्यात येत राहतात, तेथे दवाखान्याविना प्रसूतीचे कौतुक हा सुखवस्तूंचा छंद आहे. कळांसाठी गैरवाजवी वापरले जाणारे तेच ऑक्सिटोसिन बाळ जन्मताच दिले, तर अतिरक्तस्राव टाळून जीव वाचवते. ते नाकारण्यात कसलाही पुरुषार्थ नाही.

सिझेरियनचे गणित याहून बोलके आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशात खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. खासगीत जाणाऱ्या बायकांचे वय, आजार आणि ऐपत जमेस धरली तरी तिपटीहून मोठी ही तफावत केवळ शरीराच्या गरजेने पडलेली नाही. गर्भाशयाचे तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना निकषही जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच २०१८ च्या शिफारशींनी अवास्तव ठरवला. तरी ‘बाळंतपण पुढे सरकत नाही’ एवढे वाक्य शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावरील सहीसाठी अजून पुरते.

ही सही म्हणजे संमती नव्हे. रुग्णाच्या संमतीविषयीच्या समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की उपचाराचे स्वरूप, हेतू, धोके आणि पर्याय रुग्णाला कळल्यावरच दिलेली संमती वैध ठरते. कळांनी विव्हळणाऱ्या बाईपुढे, किंवा दाराबाहेरच्या नवऱ्यापुढे, ऐनवेळी सरकवलेला छापील कागद ही अट पूर्ण करत नाही. म्हणून ही चर्चा आठव्या महिन्याच्या तपासणीत, मराठीत, सासू आणि नवरा सोबत असले तरी बाईशीच थेट व्हावी. प्राण धोक्यात असतील तेव्हाचा निर्णय अर्थात वेगळा.

संमतीइतकीच सोबतही महत्त्वाची. प्रसूतिगृहात विश्वासातली सोबतीण असावी, हे केंद्र सरकारच्या प्रसूतिगृह-सुधारणेच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातच आहे. तिला भूलतज्ज्ञ लागत नाही, यंत्र लागत नाही, फक्त दार उघडावे लागते. माहितीचेही दार असेच उघडले पाहिजे. रुग्णालयांनी सिझेरियनचे प्रमाण जाहीर करावे, अशा मुंबईतून निघालेल्या याचिकेवर २०१७ मध्ये लाखाहून अधिक सह्या झाल्या होत्या. बोईसर-पालघरच्या प्रत्येक प्रसूतिगृहाने हे प्रमाण आणि वेदनाशमनाची उपलब्ध साधने दर्शनी फलकावर लावावीत, आणि परिसरातील ग्रामसभांनी तसा ठराव करून तो जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवावा.