हसू प्लास्टरमध्ये जपलं होतं

पीओपी म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात : गणपतीच्या मूर्ती आणि घरातलं फॉल्स सीलिंग. तीर्थपुरीत चित्रकला शिकवताना मी दरवर्षी पोरांना तिसरी गोष्ट सांगतो, फ्रान्समधल्या एका देवदूताची.

रेंस शहरातल्या कॅथेड्रलच्या दाराशी तेराव्या शतकात घडवलेला एक हसरा देवदूत उभा आहे. मान किंचित कललेली, ओठांचे कोपरे वर गेलेले. तो घडला त्या काळात इकडे देवगिरीवर सिंघण यादवाचं राज्य होतं. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन तोफांच्या माऱ्याने कॅथेड्रल पेटलं आणि देवदूताचं डोकं खाली पडून फुटलं. एका धर्मगुरूने तुकडे गोळा करून ठेवले, पण तेवढ्यावर चेहरा जुळेना. पॅरिसमध्ये १८८२ साली एक संग्रहालय उघडलं होतं. देशभरातल्या चर्चच्या शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती तिथे मांडल्या होत्या. त्यात हा देवदूतही होता. त्या प्रतिकृतीवरून चेहरा पुन्हा जुळवला आणि १९२६ मध्ये तो आपल्या जागी परतला.

हे जमलं ते प्लास्टरच्या गुणामुळे. जिप्सम भाजलं की त्यातलं बहुतेक पाणी उडतं आणि पांढरी भुकटी उरते. ती पाण्यात कालवली की घट्ट होताना गरम होते आणि अगदी थोडी फुगते. म्हणून ती साच्यातल्या केसाएवढ्या रेघेतही शिरते. वर्गात मी पोरांना त्या गोळ्यावर हात ठेवायला लावतो. ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखा लागतो तो.

आमच्या भागात एका पारावर वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला वीर, माथ्यावर चंद्र-सूर्य. वीस वर्षांपूर्वी मी त्याचं रेखाटन केलं, तेव्हा घोड्याच्या लगामावरचे मणी मोजता येत होते. अकरा होते. पुढे त्याला ऑइल पेंट लागला, मग दर जत्रेला नवा थर चढत गेला. आज लगाम दिसत नाही आणि वीराचे डोळे ब्रशने काढलेले आहेत. रंग देणाऱ्याची श्रद्धा खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण कुणा अनाम शिल्पकाराने छिन्नीने घातलेले ते अकरा मणी आता फक्त माझ्या वहीत आहेत.

नकलेला काय किंमत, असं लोक विचारतात. मूळ शिल्प शाबूत असतं तोवर हा प्रश्न सुचतो. १८६९-७० मध्ये इंग्रजांनी सांचीच्या पूर्व तोरणाचे साचे घेतले आणि लंडनच्या संग्रहालयात अख्खं तोरण प्लास्टरमध्ये उभं केलं. ते त्यांनी त्यांच्यासाठी केलं. आपल्या शिवारातल्या दगडांसाठी आपण हे का करू नये?

जुन्या दगडावर ओला साचा दाबू नये. सुटलेले पापुद्रे त्याच्याबरोबर निघून येतात. आता त्याची गरजही नाही. मोबाइलने चहूबाजूंनी शे-दीडशे फोटो काढले की संगणकावर शिल्पाचा आकार उभा राहतो. तो थ्रीडी प्रिंटरवर छापून घ्यायचा, त्याचा रबरी साचा करायचा आणि त्यात प्लास्टर ओतायचं. संरक्षित शिल्प असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यायची. प्रत्येक तालुक्यात एका शाळेने, चित्रकला शिक्षकाच्या देखरेखीखाली, वर्षाला पाच शिल्पं केली तरी पुष्कळ. जिल्हा नियोजनातून या कामाला थोडा निधी मिळावा, ही माझी मागणी आहे. दगड पारावर, पूजेतच राहू द्या. प्रतिकृती शाळेच्या भिंतीवर लागू द्या.

शेजारच्या शिवारात दोन वीरगळ अजून कोरे आहेत. पुढची जत्रा येण्याआधी त्यांचे फोटो काढायला मी पोरांना घेऊन जाणार आहे. तुमच्या गावच्या पारावर काय उभं आहे, तेही एकदा जवळ जाऊन बघा.