लॅपटॉप घरासाठी की पेढीसाठी?

दहावी-बारावीचे निकाल लागतात, महाविद्यालयीन प्रवेशाची धावपळ सुरू होते आणि त्याच सुमारास व्यापारी कुटुंबांतील रात्रीच्या जेवणानंतरच्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो. मुलीला किंवा मुलाला लॅपटॉप हवा असतो. दुकानातला जुना संगणक कुरकुरत असतो. आजींना प्रवचने मोठ्या पडद्यावर पाहावयाची असतात. सूनबाई घरून बिले करावयास तयार असतात. मग कोणीतरी वडीलधारे म्हणतात, ‘एकच चांगला घेऊन टाका, सगळ्यांचे भागेल.’ वाक्य काटकसरीचे वाटते. परंतु बहुतेक घरांत पुढच्या तक्रारींचे मूळ याच वाक्यात दडलेले असते.

व्यापारी माणूस दुकानात माल भरताना आधी गिऱ्हाईक कोण, हे पाहतो. भावाचा विचार त्यानंतर येतो. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलट करतो. सवलतीची जाहिरात आधी पाहतो, दुकानदाराने पुढे केलेले यंत्र उचलतो आणि ते कोण वापरणार, याचा वाद घरी आल्यावर घालतो. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी एक कागद घ्यावा. त्यावर वापरणाऱ्या प्रत्येकाचे नाव, त्याचे काम आणि ते काम दिवसाच्या कोणत्या वेळी चालते, एवढे लिहावे. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत दुकानाची बिले, मुलाचा अभ्यास आणि आजींचे प्रवचन एकाच यंत्रावर येत असतील, तर कितीही भारी यंत्र आणले तरी ते अपुरेच पडणार.

हिशेब वेगळा, अभ्यास वेगळा

ज्या यंत्रावर पेढीचा हिशेब आहे, ते शक्यतो मुलांच्या हाती देऊ नये. यात मुलांवर अविश्वास नाही, जोखमीचे गणित आहे. मुले खेळ उतरवून घेतात, मित्राने दिलेला पेनड्राइव्ह लावतात, फुकट मिळालेली आज्ञावली चढवतात. त्यांतून एखादे खंडणीखोर विषाणूचे प्रकरण आत शिरले, तर ते यंत्रावरील सर्व फायलींना कुलूप लावते. पाठीमागे लावून ठेवलेल्या पेनड्राइव्हमधील प्रतसुद्धा त्यातून सुटत नाही. येणे-देणे, साठा, बिले सारेच अडकते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. म्हणजे आजची नोंद सहा वर्षांनंतरही दाखवता आली पाहिजे.

ऐपत एकाच यंत्राची असेल, तर निदान त्यात घरातील प्रत्येकाचे खाते वेगळे उघडावे. विंडोजमध्ये ही सोय आहे. यंत्राचा पूर्ण अधिकार असलेले खाते घरातील एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावे. बाकीच्यांची खाती साधी ठेवावीत, म्हणजे नवी आज्ञावली चढवताना त्या व्यक्तीची परवानगी लागेल. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात : एक यंत्रात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी दुकानाबाहेर, घरच्या कपाटात किंवा इंटरनेटवरील साठ्यात. बाहेरची डिस्क प्रत घेऊन झाली की काढून ठेवावी. जुन्या काळी रोकड आणि तिजोरीची किल्ली एकाच ठिकाणी ठेवत नसत, तोच हा नियम.

चिठ्ठीवरील आकडे कसे वाचावेत

दुकानात यंत्राशेजारी एक चिठ्ठी असते. तिच्यावरील चार-पाच गोष्टी समजल्या, तरी पुरे.

पहिली गोष्ट प्रोसेसर. ‘आय फाइव्ह आहे’ एवढे ऐकून समाधान मानू नये. तो कोणत्या पिढीचा, हे विचारावे. इंटेलच्या i५-१२३५U या नावात सुरुवातीचा १२ हा आकडा बारावी पिढी दाखवतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत आणखी एक खुबी आहे. तेथे पहिला आकडा बाजारात आल्याचे वर्ष सांगतो, तर आतील रचना किती जुनी, हे तिसऱ्या आकड्यावरून कळते. रायझन ५ ७५२०U आणि ७५३०U ही दोन नावे जवळजवळ सारखी दिसतात, परंतु पहिल्याची रचना एक पिढी मागची आहे. कापडाच्या ताग्यावरील शिक्का पाहून न थांबता पोत हाताने पाहणाऱ्या मंडळींना हे वेगळे सांगावयास नको. हिशेब, बिले, शिकवण्या आणि लेखन यांसाठी अलीकडच्या पिढीचा मधल्या श्रेणीचा प्रोसेसर पुरतो. त्याहून वरचा घेण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट रॅम. आज ८ जीबी ही किमान मर्यादा समजावी, आणि यंत्र पाच-सहा वर्षे चालवावयाचे असेल तर १६ जीबी घ्यावी. पैसे कमी पडत असतील, तर ‘रॅम नंतर वाढवता येते का, रिकामी जागा आहे का?’ असे विचारावे. अनेक सडपातळ यंत्रांत ती पक्की जोडलेली असते आणि पुढे काहीच करता येत नाही.

तिसरी गोष्ट साठा. तो एसएसडी प्रकारचाच असावा. हिशेबाची माहिती फारशी जागा घेत नाही. जागा खातात ती लग्नसमारंभांची छायाचित्रे आणि चित्रफिती. सर्वसाधारण कुटुंबाला ५१२ जीबी पुरेसे आहेत.

चौथी गोष्ट पडदा. दुकानात उजेड असतो, म्हणून चकाकी नसलेला, आयपीएस प्रकारचा आणि ३०० निट्सच्या आसपास उजळपणाचा पडदा पाहावा. वयस्क डोळ्यांसाठी अक्षरे मोठी करण्याची सोय विंडोजमध्ये आहेच. मराठी, हिंदी आणि गुजराती लिहिण्यासाठी उच्चारानुसारी कळफलकही २०१९ पासून विंडोजमध्ये अंतर्भूत आहे. त्यासाठी निराळी आज्ञावली विकत घेण्याची गरज उरलेली नाही.

पेढीच्या यंत्राच्या खास गरजा

दिवसभर आकडे घालणाऱ्याला उजवीकडचा स्वतंत्र अंकफलक फार उपयोगी पडतो. तो साधारणपणे १५.६ इंची यंत्रांत असतो. १४ इंचीत सहसा नसतो. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन जुन्या, रुंद यूएसबी खाचेत बसते. कंपनी किंवा एलएलपी असलेल्या पेढीला विवरणपत्रासाठी ते लागतेच. अगदी पातळ यंत्रांत ही खाच नसते, मग निराळा जोड विकत घ्यावा लागतो.

टॅली विंडोजवर चालते. म्हणून हिशेबासाठी मॅकबुक किंवा क्रोमबुक घेण्याआधी दोनदा विचार करावा. एकाच वापरकर्त्याचा परवाना असेल, तर जुन्या यंत्रावरून तो आधी परत करावा आणि मगच नव्या यंत्रावर सुरू करावा. जुने यंत्र भंगारात किंवा नातलगाकडे देण्यापूर्वी हे काम उरकावे आणि त्यातील सर्व माहिती पुसून टाकावी.

विंडोजशिवाय, ‘डॉस’ म्हणून मिळणारे यंत्र काही हजारांनी स्वस्त दिसते. पुढे त्यात कोणीतरी चोरीची प्रत चढवून देतो. त्यात वाचलेले पैसे आणि पेढीचा हिशेब एका पारड्यात तोलू नयेत. यंत्रासोबत ऑफिसची प्रत मोफत मिळत असेल, तर तिचे नाव वाचावे. ‘होम अँड स्टुडंट’ प्रकारचा परवाना घरगुती वापरासाठी असतो, व्यापारासाठी नसतो.

वापरलेले यंत्र घेताना अधिक जपावे. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी, थोडे अपवाद वगळता, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. पंधरा हजारांत चकाचक दिसणारे सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र म्हणूनच स्वस्त असते.

बिल कोणाच्या नावावर?

आता थोडा नाजूक विषय. लॅपटॉपवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. ५०,००० रुपयांच्या यंत्रावर ९,००० रुपये कर, एकूण ५९,००० रुपये. बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक घातला की हे ९,००० रुपये वजावटीत मिळतात, शिवाय आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा आहे. साहजिकच ‘मुलाचा लॅपटॉपही पेढीच्या नावावर टाका’ असा सल्ला सहज दिला जातो.

कायदा येथे स्पष्ट आहे. खासगी वापराच्या वस्तूवरील कराची वजावट मिळत नाही. वस्तू काही अंशी व्यवसायासाठी आणि काही अंशी घरासाठी असेल, तर व्यवसायापुरतीच वजावट घेता येते. घसाऱ्यालाही तेच तत्त्व लागू आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या खोलीतील यंत्र पेढीच्या मालमत्तेत दाखवणे म्हणजे खोटी नोंद करणे होय. रक्कम छोटी आहे. परंतु ज्याने पुढे पेढी सांभाळावयाची, त्या मुलाला व्यापाराचा पहिला धडा आपण या बिलातून देत असतो. पेढीची पत पिढ्यानपिढ्या टिकते ती अशा लहान नोंदींवर, आणि नऊ हजारांसाठी ती पणाला लावणे कोणत्याही हिशेबात फायद्याचे ठरत नाही.

पेढीसाठी खरोखर घेतलेल्या यंत्राची वजावट मात्र हक्काने घ्यावी. त्यासाठी दुकानदाराकडून जीएसटी क्रमांकासह बिल मागावे. ज्या कराची वजावट घेतली, त्या रकमेवर पुन्हा घसारा घेता येत नाही. वरील उदाहरणात घसारा ५०,००० वर, म्हणजे पहिल्या वर्षी २०,००० रुपये. यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले, तर पहिल्या वर्षी निम्माच, १०,००० रुपये मिळतो. उरलेला बुडत नाही, पुढील वर्षांत मिळत राहतो. दिवाळीच्या मुहूर्तावर घेतलेले यंत्र या निम्म्या घसाऱ्यातच बसते, हे ध्यानात असू द्यावे. आपल्या पेढीपुरता अंतिम निर्णय आपल्या सी.ए.ना विचारूनच घ्यावा.

यंत्र कोणाच्या हाती?

शेवटचा प्रश्न पैशांचा नाही. मुलगा अभियांत्रिकीला गेला की त्याला नवे यंत्र मिळते आणि बी.कॉम. करणाऱ्या मुलीला ‘दादाचा जुना आहे की’ असे सांगितले जाते. असे अजूनही अनेक चांगल्या घरांत घडते, बहुधा कोणाच्या मनात वाईट हेतू नसताना. मुलीच्या अभ्यासाला खरोखर साधे यंत्र पुरत असेल, तर साधेच घ्यावे. पण ते तिच्या गरजेकडे पाहून ठरावे, ती मुलगी आहे म्हणून नव्हे. वास्तुशास्त्र किंवा चित्रसंकलन शिकणारी मुलगी असेल, तर स्वतंत्र ग्राफिक्स असलेले महाग यंत्र तिलाच लागेल आणि व्यवस्थापन शिकणाऱ्या भावाला साध्यावर भागवता येईल.

सूनबाईंच्या बाबतीतही हेच. शिकलेली सून घरून पेढीची बिले, बँकेचा मेळ, उधारीची स्मरणपत्रे पाहते, परंतु तिला काम करण्यासाठी सर्वांच्या झोपण्याची वाट पाहावी लागते. तिच्या नावाचे खाते, तिच्या वेळेला मोकळे असणारे यंत्र आणि बसण्यासाठी एक टेबल, एवढे दिले, तर पेढीला एक जबाबदार माणूस मिळतो. कागदावर वापरणाऱ्यांची नावे लिहावयास सांगितली, ती याचसाठी. त्या यादीत कोणाचे नाव राहून गेले, हे खरेदीपूर्वी दिसलेले बरे.

दोन यंत्रे घेणे शक्य असेल, तर एक महागडे यंत्र घेण्यापेक्षा दोन मध्यम प्रतीची घ्यावीत : पेढीसाठी अंकफलक असलेले १५.६ इंची आणि विद्यार्थ्यासाठी वजनाला हलके १४ इंची. ज्या गावात आपण राहतो, तेथे किंवा जवळच्या शहरात त्या कंपनीचे सेवाकेंद्र आहे का आणि कारागीर घरी येतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला दोन हजारांच्या सवलतीपेक्षा घरपोच दुरुस्तीची तीन वर्षांची हमी अधिक मोलाची. खोके उघडताच बिलाची आणि हमीपत्राची छायाचित्रे काढून ठेवावीत, अनुक्रमांक वहीत लिहावा आणि पहिल्या आठवड्यात सर्व खाचा, कळा, कॅमेरा व बॅटरी तपासून घ्यावी. दोष असेल तर तो याच काळात बदलून घेणे सर्वांत सोपे असते.