विश्लेषण : मायक्रोआरएनएला नोबेल मिळाले, मग कर्करोगावरचे औषध कुठे अडले?

वैद्यकशास्त्राचे २०२३ चे नोबेल ‘एमआरएनए’ लशींमागच्या संशोधनाला मिळाले. पुढच्याच वर्षी, ७ ऑक्टोबर २०२४ रोजी, ते ‘मायक्रोआरएनए’चा शोध लावणारे अमेरिकी शास्त्रज्ञ व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना जाहीर झाले. नावे इतकी सारखी की दोन्हींची सरमिसळ व्हावी. त्यात कर्करोगाचा उल्लेख आला की ‘इलाज सापडला’ असा अर्थ काढायला फार वेळ लागत नाही. प्रत्यक्षात हे नोबेल कोणत्याही औषधाला मिळालेले नाही. पेशी स्वतःच्या जनुकांना लगाम कसा घालते, हे उलगडून दाखवल्याबद्दल ते आहे.

मायक्रोआरएनए करते काय?

डीएनए म्हणजे तलाठ्याकडचे मूळ दफ्तर धरले, तर एमआरएनए ही त्यातल्या एका पानाची नक्कल. नक्कल हातात पडली की पेशी त्याबरहुकूम प्रथिन तयार करते. मायक्रोआरएनए स्वतः कोणतेही प्रथिन बनवत नाही. साधारण २२ अक्षरांचा हा चिमुकला तुकडा नकलेवर जाऊन बसतो आणि तिच्यावर जणू स्थगितीचा शिक्का मारतो.

असा पहिला तुकडा १९९३ मध्ये जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीत सापडला, तेव्हा ती त्या कृमीचीच काही लकब असावी असे समजून बहुतेकांनी दुर्लक्ष केले. २००० मध्ये रुवकुन यांच्या प्रयोगशाळेला ‘लेट-७’ हा दुसरा तुकडा मिळाला आणि तो माणसातही आहे हे कळले, तेव्हा चित्र पालटले. माणसाच्या शरीरात मायक्रोआरएनएची हजाराहून अधिक जनुके आहेत, असे आज मानले जाते.

कर्करोगाशी संबंध कसा जोडला गेला?

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा उतारवयात आढळणारा रक्ताचा कर्करोग. त्याच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत १३व्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा गळालेला असतो. तिथे कर्करोग रोखणारे एखादे प्रथिन बनवणारे जनुक असणार, या समजुतीने अनेक वर्षे शोध चालला. हाती काहीच लागेना. २००२ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवले, की तिथे दोन मायक्रोआरएनए आहेत : मिर-१५ए आणि मिर-१६-१. तपासलेल्या सुमारे दोनतृतीयांश रुग्णांत ती नाहीशी झाली होती किंवा घटली होती.

त्याने बिघडते काय, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. ही जोडी ‘बीसीएल-२’ नावाच्या प्रथिनाला आवर घालते. हे प्रथिन पेशीला मरू देत नाही. आवर सुटला की ज्या पेशींनी वेळेवर मरायला हवे, त्या साचत जातात. याच प्रथिनाला अडवणारी व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी २०१६ पासून या आजारात वापरात आहे. अर्थात तिचा जन्म मायक्रोआरएनएच्या अभ्यासातून झालेला नाही. बीसीएल-२ त्याआधीपासून माहीत होते.

उलटेही घडते. ‘मिर-१७-९२’ हा मायक्रोआरएनएचा गट काही लिम्फोमांमध्ये प्रमाणाबाहेर वाढतो आणि गाठ वाढवणाऱ्यांना साथ देतो, कारण तो लगाम घालणाऱ्या जनुकांनाच गप्प करतो. म्हणजे ‘मायक्रोआरएनए वाढवा, कर्करोग पळवा’ असा सरळ हिशेब इथे नाही. कोणते, कुठल्या पेशीत आणि कोणाला गप्प करते, यावर सगळे अवलंबून.

मग औषध का नाही?

घटलेले मायक्रोआरएनए बाहेरून दिले तर? हा प्रयोग झाला आहे. अनेक कर्करोगांत घटणाऱ्या मिर-३४ए ची नक्कल स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म कुपीत भरून ‘एमआरएक्स-३४’ हे औषध तयार झाले आणि २०१३ मध्ये त्याच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या. मोजक्या रुग्णांच्या गाठी आकसल्या. पण प्रतिकारशक्ती भडकून गंभीर दुष्परिणाम झाले, चार रुग्ण दगावले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली.

खरी अडचण इथे आहे. एकच मायक्रोआरएनए शेकडो नकलांवर शिक्का मारू शकते. एका झटक्यात अनेक बिघाड आवरण्याची आशा त्यातूनच येते आणि ज्या निरोगी पेशींत हात घालायचा नव्हता तिथेही ढवळाढवळ होण्याचा धोकाही त्यातूनच. कोलेस्टेरॉलवरचे इन्क्लिसिरान बाजारात आले, ते आरएनएवर आधारित असले तरी एकाच जनुकावर नेम धरून बनवलेले. मायक्रोआरएनएवर आधारलेले कर्करोगाचे एकही औषध अद्याप मंजूर झालेले नाही.

रक्ताच्या चाचणीचे काय?

इथे वाट थोडी मोकळी आहे, पण ‘थेंबभर रक्तात सर्व कर्करोग’ अशा दाव्यांइतकी नाही. कर्करोगात वाढणारे मिर-२१ हृदयविकारात आणि साध्या दाहातही वाढते. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी काही मायक्रोआरएनएचे आकडे फुगतात. म्हणजे सुई नीट न टोचल्यानेही अहवाल बदलू शकतो!

वृषणाच्या कर्करोगात मात्र मिर-३७१ए उपयोगी ठरते आहे. ते भ्रूणावस्थेतील पेशींत सक्रिय असते आणि प्रौढ पुरुषाच्या रक्तात जवळजवळ नसतेच, त्यामुळे आढळले तर त्याला अर्थ असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात या चाचणीने दहापैकी नऊ रुग्ण अचूक ओळखले. तरी टेराटोमा या प्रकारच्या गाठी तिलाही सापडत नाहीत.

नवी मुंबईत खारघरच्या ‘अॅक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेतील संशोधकांनी वेगळी वाट धरली. मेंदूतील मेड्युलोब्लास्टोमा ही मुख्यतः लहान मुलांत होणारी गाठ. शस्त्रक्रियेनंतर तिचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणाच्या ठोकळ्यात जतन करतात. त्यात लांब आरएनएचे तुकडे पडतात. मायक्रोआरएनए आखूड असल्याने टिकते. ते आणि काही निवडक जनुके मोजून गाठ चारपैकी कोणत्या गटातली हे ठरवणारी चाचणी त्यांनी २०१३ मध्ये मांडली. ‘डब्ल्यूएनटी’ गटातली मुले बहुधा चांगली बरी होतात, तिसऱ्या गटात ती शक्यता सर्वांत कमी असते. किरणोत्सार किती द्यायचा, हे ठरवताना डॉक्टरांना आधी हा गट माहीत असावा लागतो.